आरशातील डाव

बुद्धिबळाचा डाव संपला तरी नाहीसा होत नाही. त्याच्या चाली लिहून ठेवलेल्या असल्या, तर रायपूरच्या पुरानी बस्तीतील एखाद्या ओट्यावर पट मांडून दूरदेशीचा जुना डावही पुन्हा खेळून पाहता येतो. असाच पाहण्याजोगा एक डाव २७ जुलै १९७२ रोजी आइसलँडची राजधानी रेक्याविक येथे झाला. जगज्जेतेपदाच्या सामन्यातील तो आठवा डाव. जगज्जेते होते सोव्हिएत संघाचे बोरिस स्पास्की. त्यांना आव्हान देणारे अमेरिकेचे बॉबी फिशर ४ विरुद्ध ३ गुणांनी पुढे होते.

फिशर पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होते. एरवी राजापुढचे प्यादे सरकवून सुरुवात करणे ही त्यांची रीत. त्या दिवशी त्यांनी वजिराच्या बाजूच्या उंटापुढचे प्यादे दोन घरे पुढे केले. मध्यभागी लगेच न शिरता बगलेकडून त्यावर दाब आणणारी ही ‘इंग्लिश’ सुरुवात. स्पास्की यांनीही तीच चाल केली. मग दोन्ही घोडे बाहेर आले, राजाच्या बाजूच्या घोड्यापुढील प्यादे एक घर सरकले, त्याच्या मागे लांब कर्णावर उंट बसला आणि किल्लेकोट झाला. सहा चालींनंतर, पटाच्या मध्यावर आरसा उभा करावा तशी दोन्ही सैन्ये दिसत होती. असा डाव बरोबरीतच सुटणार, असे नवख्याला वाटते. परंतु पहिली चाल पांढऱ्याची असते, आणि ही आघाडी आरशात दिसत नाही. सातव्या चालीला फिशर यांनी वजिरापुढचे प्यादे मध्यभागी लोटले आणि साम्य मोडले.

तरीही काळ्याचे फारसे बिघडले नव्हते. बिघडले ते पंधराव्या चालीला. स्पास्की यांनी वजिराच्या बाजूच्या घोड्यापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकले. चाल धाडसी खरी. पण ते प्यादे आपल्या घरी होते तोवर फिशर यांच्या कर्णावरील उंटाची वाट त्याने अडवून धरली होती. आता ती मोकळी झाली. फिशर यांचा दुसरा उंट खोलवर शिरून काळ्या हत्तीवर चालून आला. हत्ती जाईल तिथे या ना त्या उंटाचा मारा! अखेर उंटाच्या मोबदल्यात हत्ती गेला. पुढे एकोणिसाव्या चालीला घोडा मागे घेण्याची चूक होऊन आणखी एक प्यादे पडले.

३७ व्या चालीनंतर स्पास्की यांनी डाव सोडला. गुण झाले ५ विरुद्ध ३. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला सामना संपला, तेव्हा फिशर साडेबारा विरुद्ध साडेआठ गुणांनी जगज्जेते झाले होते.