घरचा संगणक आणि जांगड माल

गेल्या वर्षी ह्याच वार्षिकांकासाठी जुन्या फाँटमधील मराठी व कन्नड मजकूर युनिकोडमध्ये आणावयाचा होता. त्यासाठी एक फुकट प्रोग्राम मिळाला, तो मी घरच्या संगणकावर बसवला. काम झाले, पण दुसऱ्या दिवशी ब्राउझरचे पहिले पान बदललेले, आणि न मागितलेल्या जाहिराती आपोआप उघडू लागलेल्या. बाबांच्या दुकानाचा जमाखर्च आणि बँकेचे व्यवहार त्याच संगणकावर चालतात. आपल्या हातून घरात चोर शिरला की काय, ह्या धास्तीने त्या रात्री मला झोप आली नाही. सुदैवाने पैसे गेले नाहीत. त्या निमित्ताने जो अभ्यास घडला, तो वाचकांपुढे ठेवतो.

स्पायवेअर म्हणजे हेरगिरी करणारा प्रोग्राम. तो दाबलेल्या कळांची नोंद ठेवतो, पडद्याची चित्रे घेतो, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलतो आणि सारे इंटरनेटवरून आपल्या धन्याकडे पाठवतो. पुष्कळदा तो दार फोडून येत नाही. फुकट मालाच्या पोत्यात लपून, आपण स्वतः 'मान्य' म्हटल्यावर येतो.

ह्यावर पहिला उपाय स्कॅनरचा. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला तो हिशेबतपासनिसासारखा वाटेल. त्याच्याजवळ ज्ञात चोरांच्या खुणांची यादी असते व तो प्रत्येक फाइल तिच्याशी ताडून पाहतो. काही स्कॅनर प्रोग्रामच्या संशयास्पद वागणुकीवरही नजर ठेवतात. यादी रोज ताजी हवी, कारण कालच्या यादीत आजचा चोर नसतो. विंडोजमध्ये डिफेंडर हा स्कॅनर मुळातच असतो. चालू असलेला हेर त्याच्यापासून लपू शकतो. म्हणून त्यात 'ऑफलाइन' तपासणीची सोय आहे. तीत संगणक पुन्हा सुरू होतो आणि नेहमीचे विंडोज जागे होण्यापूर्वीच झडती होते. सतत पहारा देणारे दोन स्कॅनर मात्र एकत्र ठेवू नयेत. ते एकमेकांनाच अडवतात.

दुसरा उपाय सँडबॉक्सचा. आपल्या पेठेत जांगड माल नेण्याची रीत आहे. माल घरी नेऊन पाहावा, पसंत पडला तर ठेवावा, नाहीतर परत करावा; तोपर्यंत विक्री पक्की होत नाही. सँडबॉक्स ही संगणकातली जांगड वही होय. अनोळखी प्रोग्राम एका वेगळ्या कोठडीत चालतो, आणि कोठडी रिकामी केली की त्याने केलेले बदल पुसले जातात. 'विंडोज सँडबॉक्स' २०१९ मध्ये आला. परंतु तो विंडोजच्या होम आवृत्तीत मिळत नाही. आमच्या घरी होमच असल्याने मी 'सँडबॉक्सी' वापरला. हा प्रोग्राम २००४ पासूनचा असून २०२० मध्ये त्याचा सोर्स कोड सर्वांना खुला झाला. तोच फाँटचा प्रोग्राम मी त्यात उघडला, तेव्हा त्याच्यासोबत आणखी दोन अनाहूत पाहुणे उतरताना स्पष्ट दिसले.

येथे एक सावधगिरी हवी. सँडबॉक्सीच्या मूळ मांडणीत कोठडीतला प्रोग्राम बाहेरच्या फाइलींत बदल करू शकत नसला, तरी त्यांतील पुष्कळ वाचू शकतो. आणि इंटरनेट चालू असेल तर वाचलेले बाहेर पाठवूही शकतो. म्हणून चाचणीच्या वेळी इंटरनेट बंद ठेवावे व कोठडीत पासवर्ड टंकू नये. शिवाय काही हेर कोठडी ओळखून तेथे साळसूदपणे वागतात. तपासनीस अनोळखी चोराला ओळखत नाही, आणि कोठडी चोर कोण ते सांगत नाही. म्हणून दोन्ही लागतात.

मी केलेली सर्वांत मोठी चूक वेगळीच होती. घाबरून मी त्याच संगणकावर बसून बँकेचा पासवर्ड बदलला. हेर कळा नोंदणारा असता, तर नवा पासवर्डही त्याला मीच दिला असता! प्रथम दुसऱ्या, निर्धोक यंत्रावरून पासवर्ड बदलावा, मग संगणक साफ करावा. त्याआधी त्यावर तो टंकू नये.

बाबांना सारे सांगितले तेव्हा ते रागावले नाहीत. "जांगड माल पारखल्यावाचून मी खतावणीत घेत नाही, तू कसा घेतलास?" एवढेच म्हणाले. त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तुमच्यावर ती पाळी येऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.