लांबटांगी माशी : ओळख व वर्गीकरण

पावसाळ्यांत संध्याकाळीं दिवा लावला कीं भिंतीवर कधीं कधीं एक विचित्र माशी येऊन बसते. अंग सडपातळ, पंख अरुंद आणि पाय इतके लांब कीं ती बसली आहे कीं लोंबत आहे हें कळूं नये. घरांतील मंडळी तिला मोठा डांस समजून झोडपतात; कोणी शेपटाचें अणकुचीदार टोंक पाहून तिला नांगी आहे असें म्हणतात. वास्तविक ती चावत नाहीं आणि डंखही करीत नाहीं. मादीचें तें टोंक म्हणजे अंडीं घालण्याचें साधन होय. इंग्रजींत हिला ‘क्रेन फ्लाय’ म्हणतात. या लेखांत आम्ही तिला लांबटांगी म्हणूं.

लांबटांगीच्या पंधरा हजारांहून अधिक जाती जगांत नोंदल्या गेल्या आहेत. त्यांपैकीं बहुतेकांच्या अळ्या कुजलेला पाला, शेवाळ व ओढ्याकांठचा चिखल यांत राहतात, कुजकट पदार्थांची माती करतात आणि पक्ष्यांचें खाद्य होतात. पिकास उपद्रव देणाऱ्या जाती फारच थोड्या. तेव्हां माशी दिसली कीं तिचा नाश करा, हा उपदेश अडाणीपणाचा आहे. आधीं तिची जाति ठरविली पाहिजे. ती कशी ठरवावी आणि ठरविल्यानें शेतकऱ्याच्या पदरांत काय पडतें, हें युरोपांतील दोन जातींच्या उदाहरणानें आम्ही येथें दाखवीत आहों. ह्या जाती आपल्याकडील नव्हेत. परंतु त्यांचा अभ्यास पुष्कळ झालेला असल्यामुळें धडा शिकण्यास त्या फार सोयीच्या आहेत.

पहिली पायरी : गण व कुल

माशीला पंखांची एकच जोडी असून दुसऱ्या जोडीच्या जागीं गदेसारख्या दोन बारीक दांड्या असतील, तर ती द्विपक्ष गणांतील होय. ह्या दांड्यांच्या योगानें माशी उडतांना आपला तोल संभाळते. लांबटांगींत त्या नुसत्या डोळ्यांनींही दिसतात.

यानंतर भिंग घेऊन पाठ पहावी. छातीच्या वरच्या भागावर इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी खोल रेघ असते. ही लांबटांगीची मुख्य खूण होय. डांसाच्या पंखांच्या शिरांवर खवले असतात, तसे हिच्या पंखांवर नसतात. आणि रक्त शोषणारी सोंडही हिला नसते. थंड देशांत हिवाळ्यांत उडणारी दुसरी एक माशी हुबेहूब अशीच दिसते. पण तिच्या माथ्यावर तीन साधे बारीक डोळे असतात, लांबटांगीला ते नसतात. इतक्या खुणा जुळल्या म्हणजे कुल ठरलें.

दुसरी पायरी : जाति

इंग्लंडांत कुरणें व धान्याचीं शेतें यांस मुख्यत्वें दोन जातींचा उपद्रव होतो. एक टिप्युला ओलेरेशिया. हिचें नांव लिनीअसनें इ. स. १७५८ मध्यें दिलें. दुसरी टिप्युला पालुडोसा. हिचें नांव मायगेननें इ. स. १८३० मध्यें दिलें. दोन्ही करड्या-तपकिरी रंगाच्या, दोहोंचा आकार जवळजवळ सारखा. रंगावरून निवड करूं जाल तर फसाल. पुढील तीन खुणा पहाव्या.

१. शृंगिका. डोक्यावरील ह्या दोन मिशांना पेरें असतात. तीं बुडापासून टोंकापर्यंत सावकाश मोजावीं. पालुडोसाला चौदा पेरें असतात, ओलेरेशियाला तेरा.

२. डोळे. डोकें उलटें करून खालच्या बाजूनें पहावें. दोन डोळ्यांमधील अंतर पालुडोसामध्यें रुंद असतें, ओलेरेशियामध्यें तें अगदीं अरुंद असतें.

३. पंख. पालुडोसाच्या मादीचे पंख तिच्या पोटाहून आंखूड असतात. ओलेरेशियाच्या मादीचे पोटाहून लांब असतात. ही खूण मादीपुरतीच लागू आहे. नरावर ती लावूं नये.

एकाच खुणेवर निकाल देऊं नये. दोन तरी जुळल्या पाहिजेत. अळीवरून जाति ठरविणें फार कठीण आहे. अळी करडी, बिनपायांची आणि चिवट कातडीची असते, म्हणून इंग्रज शेतकरी तिला ‘लेदरजॅकेट’, म्हणजे चामड्याचा अंगरखा, म्हणतात. अळी सांपडल्यास ओल्या मातींत मुळांसह गवत लावून ती पोसावी आणि माशी निघाल्यावर परीक्षा करावी.

एका पेरानें काय बिघडतें ?

तेरा आणि चौदा यांचा हिशेब पंडितांनीं करावा, आम्हांला त्याचें काय, असें कोणी म्हणेल. त्याचें उत्तर माशीच्या जीवनक्रमांत आहे.

पालुडोसाची वर्षांत एकच पिढी होते. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत माश्या निघतात. मादी थोड्याच वेळांत गवताळ जमिनींत बारीक काळीं अंडीं घालते. अंड्यांना ओल लागते. शरदऋतु कोरडा गेला तर तीं पुष्कळशीं वाळून जातात. सुमारें दोन आठवड्यांनीं अळ्या निघतात, हिवाळाभर जमिनींत राहतात आणि वसंतांत मुळें व कोंवळे देंठ कुरतडून सर्वांत जास्त नुकसान करतात. अंड्यांनीं जड झालेल्या आंखूड पंखांच्या मादीला दूर उडवत नाहीं. म्हणून हिचा उपद्रव जुन्या कुरणांत आणि कुरण मोडून पेरलेल्या पिकांत होतो.

ओलेरेशियाच्या वर्षांत दोन पिढ्या होतात : एक वसंतांत उडते, दुसरी उन्हाळा संपतांना. हिची मादी चांगली उडते. त्यामुळें जेथें पूर्वीं गवत नव्हतें अशा शेतांतही, विशेषतः मोहरीवर्गीय तेलबियांच्या पिकामागून पेरलेल्या गव्हांत, ती उपद्रव देते. सप्टेंबरांत दोन्ही जाती उडत असल्यामुळें तेव्हां दिनदर्शिकेचा उपयोग नाहीं. पेरेंच मोजावीं लागतात. पालुडोसा असेल तर कुरण मोडणाऱ्यानें जुलैंतच, अंडीं पडण्यापूर्वीं, नांगरट केल्यास पुढील पीक बचावतें. ओलेरेशिया असेल तर तेवढ्यानें भागत नाहीं. पेरणीनंतरही शेतावर नजर ठेवावी लागते.

इ. स. १९३५ मध्यें लंडनच्या लॉर्ड्स मैदानाची हिरवळ ह्या अळ्यांनीं उजाड केली होती. त्याच मैदानावर त्या वर्षीं दक्षिण आफ्रिकेनें इंग्लंडांतील आपला पहिला कसोटी विजय मिळविला. पुढें अनेक वर्षें अशा प्रसंगीं विषारी औषध टाकणें हा सोपा मार्ग होता. परंतु ह्या कामीं वापरलें जाणारें क्लोरपायरीफॉस इ. स. २०१६ मध्यें ब्रिटनमध्यें शेतांतून जवळजवळ सर्वस्वीं काढून घेण्यांत आलें. आतां तेथील शेतकऱ्याच्या हातीं नांगर, पेरणीची वेळ आणि अचूक ओळख हींच मुख्य हत्यारें उरलीं आहेत.

अमेरिकेंतील अनुभवही असाच आहे. पालुडोसा पश्चिम कॅनडांत इ. स. १९६५ च्या सुमारास आढळली. त्याच किनाऱ्यावर ओलेरेशियाही आहे, हें इ. स. १९९८ च्या सुमारास उघडकीस आलें. दोघी एकाच हिरवळीवर उडत असल्या, तर पाहणाराच्या नजरेंत एकच जाति भरते. दुसरी दिसते ती पेरें मोजणाऱ्यालाच.

नमुना कसा घ्यावा ?

माशी पायाला धरूं नये. पाय चटकन् तुटून येतात. तोंड रुंद अशी बाटली तिच्यावर पालथी घालावी. नमुना मद्यार्कांत किंवा कागदाच्या घडींत ठेवून त्यावर गांव, तारीख, शेतांतील पीक आणि दिव्याशीं सांपडली कीं गवतांत, हें लिहावें. चिठ्ठीवांचून नमुना निरुपयोगी आहे. अळ्या मोजावयाच्या असल्यास गवताळ जमिनींत नळीचा तुकडा रोंवून त्यांत मिठाचें पाणी भरावें. थोड्या वेळानें अळ्या वर येतात.

आपल्याकडे काय ?

ब्रुनेटीनें इ. स. १९१२ मध्यें हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेंत ह्या कुलाचें वर्णन दिलें आहे. आपल्या पिकांच्या मुख्य किडींत मात्र लांबटांगीची गणना होत नाहीं. उलट भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या भागांतील भातास पोखरणारी गादमाशी डांसाहून मोठी नसते. दिव्यावर आली तरी तिच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. तिच्या अळीमुळें भाताचा पोंगा कांद्याच्या पातीसारखा पोकळ व रुपेरी होतो आणि त्या फुटव्यास लोंबी येत नाहीं. म्हणजे मोठ्या पायांची निरुपद्रवी माशी आपण झोडपतों आणि बारीक शत्रूला मोकळें सोडतों.

म्हणून आमची शेतकरी बंधूंस विनंति आहे कीं, घरांत दहापट मोठें दाखविणारें एक भिंग ठेवावें आणि मुलांच्या हातीं तें द्यावें. दिव्यावर आलेल्या माशीवर हात उगारण्यापूर्वीं तिची पाठ व मिशा पहाव्या. फवारणीचा खर्च करावयाचा कीं नाहीं, हें त्यानंतर ठरवावें.