कुणाचं घर बघत नाही, म्हणालास

अंबाजोगाई,
चैत्र वद्य पंचमी

चि. बाळूस,


फोन न करता पत्र लिहिते आहे. फोनवर तू ‘हो आत्या, हो आत्या’ म्हणतोस आणि मी रागवायचं विसरते. आज मला विसरायचं नाही.

परवा सरकारी दवाखान्यात डोळे तपासायच्या रांगेत बसले होते. शेजारी एक म्हातारी येऊन टेकली. गाव कोणतं विचारलं, तर तुझ्याच शाळेचं गाव. मी कौतुकानं म्हणाले, “तिथले गुरुजी माझे भाचे.” म्हातारी जरा गप्प झाली. मग म्हणाली, “गुरुजी लई चांगले हाईत, बाई. कुणाला मारीत न्हाईत. पर आमची नात आता शाळंत जात न्हाई.”

बाकीचं मी विचारून विचारून काढलं. चौथीतली पोर. दसरा झाल्यावर आईबापाबरोबर ऊसतोडीला कारखान्यावर गेली, पट्टा पडून हंगाम संपल्यावर फाल्गुनात परत आली. ती वर्गात आल्याच्या तिसऱ्या दिवशी तू चाचणी घेतलीस. एकतीस मुलांना एकच पेपर, एकच तास. तिनं नाव लिहिलं आणि पेन्सिल धरून बसून राहिली. दुसऱ्या दिवशी तू गुण वाचून दाखवलेस, खालून वर. पहिलं नाव तिचंच आलं. घरी येऊन तिनं दप्तर खुंटीला लावलं, ते तिथंच आहे.

परवाच्याच रात्री मी तुला सहज म्हणून फोन केला, आठवतं? शाळा कशी चाललीय विचारलं. तू म्हणालास, “आत्या, माझ्या वर्गात सगळ्यांना सारखं. मी कुणाची जात बघत नाही, कुणाचं घर बघत नाही.” किती अभिमानानं म्हणालास! आणि मला रात्रभर झोप लागली नाही. जात बघत नाहीस, फार चांगलं. पण घर बघत नाहीस? बाळू, मास्तरानं घर बघायचं नाही तर कुणी बघायचं?

तू हे का म्हणतोस ते मला कळतं. सरपंचाचा मुलगा पुढच्या बाकावर आणि त्याच्या चुकांवर पांघरूण, असली शाळा तू पाहिली आहेस. त्याची तुला चीड आहे आणि ती खरी आहे. दादानं तुला तसंच वाढवलं. म्हणून तू एक फूटपट्टी हातात घेतलीस आणि ठरवलंस, हीच सगळ्यांना लावायची. त्यात तुझी लबाडी नाही, आळस तर नाहीच. पण त्या एकतीस जणांपैकी तीस जण पाच महिने तुझ्यासमोर बसले होते, आणि एक जण फडात होती. तुझा पेपर सारखा होता. ते पाच महिने सारखे नव्हते.

ती परत आली का रे शाळेत? हे पत्र वाचतोस त्या दिवशी ती वर्गात आहे का? मला आधी एवढंच हवं आहे.

ती पाच महिने काय करत होती, हे तू विचारलंस तिला? नवरा-बायको मिळून एक कोयता, हे तुला सांगायला नको. दोघं पहाटे फडात गेली की कोपीत राहतं कोण? हीच. धाकटा भाऊ कडेवर, भाकरी थापायच्या, पाणी आणायचं. म्हातारी म्हणाली, वाढे विकायचे पैसेसुद्धा हीच मोजून आईच्या हातात द्यायची. म्हणजे तिला हिशेब येतो, बाळू. तुझ्या पेपरात तो विचारलेला नव्हता. तिला मोळ्यांचं गणित घाल. एका खेपेला इतक्या मोळ्या, दिवसात इतक्या खेपा, तर किती? मग तेच कागदावर उभ्या मांडणीत लिहायला शिकव. गुणाकार तोच आहे, पोचायची वाट तेवढी तिच्या पायाखालची.

आता माझं ऐक. हे मी दादालाही कधी सांगितलं नाही.

१९८४ साली मी पहिल्यांदा रुजू झाले तेव्हा माझ्या वर्गात तांड्यावरचा एक मुलगा होता. नाव लिहीत नाही. शाळा साडेदहाला भरायची, तो अकराला यायचा. माझा नियम होता, उशिरा येणाऱ्यानं पहिला तास दाराबाहेर उभं राहायचं. सगळ्यांना सारखा नियम. मुख्याध्यापकांच्या मुलीलाही मी एकदा उभं केलं होतं आणि त्याची मला फुशारकी होती. पण मुख्याध्यापकांची मुलगी वर्षातून एकदा उभी राहिली आणि हा रोज. पहिला तास गणिताचा असायचा. म्हणजे वर्षभर माझ्या वर्गात गणित झालं आणि तो दाराबाहेर होता. तांड्यावर पाणी नव्हतं, खालच्या विहिरीवरून दोन खेपा करून मग तो चालत यायचा, हे मला केव्हा कळलं? त्यानं शाळा सोडल्यानंतर.

आणखी एक सांगते. चित्रांचा तक्ता दाखवून मी विचारायची, हे काय, हे कोण. आईच्या चित्राला तो म्हणाला, “याडी.” मी म्हणाले, “चूक. आई म्हण.” मुलं हसली. त्यानंतर तो चित्रांच्या तासाला बोललाच नाही. मला तेव्हा वाटलं मी शुद्ध मराठी शिकवते आहे. पोराच्या तोंडातून त्याची आई काढून घेत होते मी.

१९९७ च्या आसपास तो मला एसटी स्टँडवर भेटला. मी ओळखलं नाही, त्यानंच “बाई” म्हणून हाक मारली. बायको होती, दोन लेकरं होती, बोचकी बांधलेली. निघालेच होते कारखान्याला. खिशातून एक चिठ्ठी काढून म्हणाला, “बाई, मुकादमाची हाय. उचल किती फिटली अन् किती राहिली, तेवढं बघून सांगा.” मी बघितलं. सांगितलं. साधी वजाबाकी होती, हातच्याची. माझ्या पहिल्या तासाची.

तो हसून गाडीत चढला. त्याच्या मनात काही नव्हतं. मी मात्र फलाटावर किती वेळ उभी होते कोण जाणे.

म्हणून घाबरले आहे मी, दुसरं काही नाही. पोरीचं दप्तर खुंटीवर राहिलं तर पुढच्या दसऱ्याला ती पुन्हा जाणार, आणि त्याच्यापुढच्या दोन-चार दसऱ्यांनंतर तिचाच कोयता झालेला असेल. आपल्या भागात पोरींची लग्नं इतक्या लवकर का होतात, ते तू माझ्याइतकंच जाणतोस. जोडी झाल्याशिवाय उचल मिळत नाही.

तुझ्या वर्गात जोतिरावांची तसबीर मी स्वतः पाहिली आहे, हार घातलेली. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिलं. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, हे त्यातलं वाक्य आपण डी.एड.ला पाठ केलं. पण तेवढ्यावर ते थांबले नव्हते. ज्यांना शिक्षणाची गोडी लागू दिली गेली नाही त्यांच्या मुलांना शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं सढळ हातानं द्या, महार-मांगांच्या मुलांना शाळेत बसू देत नाहीत तिथं त्यांच्यासाठी शाळा काढा, हेही त्याच निवेदनात आहे. दार सगळ्यांना उघडं आहे म्हणून सगळे आत येतील, यावर त्यांचा विश्वास नव्हता. शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहामागून वसतिगृह उभं केलं ते का? शाळा होती, पण खेड्यातून आलेलं पोर रात्री झोपणार कुठं? आणि कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. पोरं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असं दिसलं तेव्हा त्या हजेरीपटावर लाल शाईनं गैरहजर लिहीत बसल्या नाहीत. त्यांनी शाळाच कुरणावर नेली. मी नोकरीत उशिरा वाचलं हे सगळं. दाराबाहेर त्याला उभं करायच्या आधी वाचलं असतं तर!

तू म्हणशील, बाकीच्या पालकांना काय सांगू? एकीसाठी वेगळं का, असं विचारतील. विचारू देत. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलेलंच आहे की शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं आणि बरोबरीनं यावं म्हणून वेगळं शिकवायचं. तो मुलाचा हक्क आहे, आपली मेहरबानी नाही. पण कायदा दाखवण्याआधी तुझ्या पोरांनाच विचारून बघ. आजारातून उठलेल्याला पहिले चार दिवस मऊ भात देतात, तेव्हा घरातली बाकीची लेकरं भांडत नाहीत.

एक मात्र करू नकोस. दया येऊन तिला फुकटचे गुण देऊ नकोस. तेही मी केलेलं आहे. त्या मुलाचं शल्य इतकं होतं की नंतरची काही वर्षं मी सगळ्यांनाच पुढे ढकलत गेले, कुणाला दुखवायचं नाही म्हणून. एक मुलगी सातवीपर्यंत पोचली आणि तिला धड्यातला परिच्छेद वाचता येईना. तीही फसवणूकच झाली, फक्त गोड बोलून केलेली. पेपर सोपा करू नकोस. तिच्यासाठी वेळ काढ. आज ती अक्षरावर आहे, शब्दावर आहे की परिच्छेदावर, ते एकदा जवळ बसवून बघ. चौथीचं पुस्तक बाजूला ठेव आणि जिथं ती आहे तिथून सुरू कर. रोज अर्धा तास. सुट्टी लागायला अजून दिवस आहेत, आणि सुट्टीतही तू गावातच असतोस.

आणि दसऱ्याच्या आधी तिच्या घरी जा. हंगामी वसतिगृहात नाव घाल, म्हातारी आहे, ती सांभाळायला तयार आहे, मी विचारलं तिला. अडचण आहे ती धाकट्या भावाची. त्याला बघायला कोणी नाही म्हणून पोरीला नेतात. त्या भावाचं काय करता येईल ते आईबापाबरोबर बसून बोल, तो सुटल्याशिवाय ही सुटणार नाही. नाहीच जमलं, न्यायलाच लागली, तर निदान शिक्षण हमी कार्ड हातात देऊन पाठव आणि कारखान्याजवळच्या शाळेतल्या शिक्षकांना स्वतः फोन कर. नुसता कागद बोचक्यात राहतो.

फार लिहिलं. तुझा चेहरा दिसतो आहे मला, खाली घातलेला.

बाळू, तू दुसरीत होतास तेव्हाचं तुला किती आठवतं ठाऊक नाही. तू बोलताना अडखळायचास. ‘क’ आला की तुझा श्वास अडायचा आणि डोळ्यांत पाणी यायचं. कविता म्हणायची पाळी आली की तू पोटात दुखतंय म्हणून घरी राहायचास. वहिनी मला पत्रातून कळवायची आणि रडायची. तुझ्या बाईंनी काय केलं? सगळ्यांची कविता वर्गात उभं करून घेतली, आणि तुझी शाळा सुटल्यावर, पायरीवर, तुझ्याशेजारी बसून. तू एक ओळ म्हणायचास, मग दोघं मिळून आभाळाकडे बघायचात, मग दुसरी ओळ. पूर्ण कविता, एकही ओळ माफ केली नाही. पण वर्गाचं हसू तुझ्या वाट्याला येऊ दिलं नाही. तेव्हा कुणी म्हणालं नाही की याला वेगळं का. आणि आज तू एकतीस पोरांपुढे दिवसभर बोलतोस.

मी तुला वाईट मास्तर म्हणत नाही. म्हातारीही म्हणाली नाही. ती म्हणाली, गुरुजींनी नुसतं दारावरनं हाक मारली तरी पोर येईल, रोज शाळा सुटायच्या वेळी ती वाटेकडंच्या ओट्यावर येऊन बसते. हे तिनं मला जाता जाता सांगितलं. एवढं कळल्यावर मला गप्प राहवलं नाही.

एसटीच्या पार्सलनं माझी जुनी शब्दपट्ट्यांची पेटी पाठवते आहे. काही पट्ट्यांच्या कडा वाळवीनं खाल्ल्यात, अक्षरं शाबूत आहेत. त्यात ‘आई’ची पट्टी आहे तिच्या मागे मी नंतर ‘याडी’ लिहून ठेवलं आहे, ते खोडू नकोस. सोबत शेवेचे लाडू आहेत, डबा दोन मजल्यांचा आहे. वरचा तुझा. खालचा घेऊन आज शाळा सुटल्यावर त्या ओट्याकडे जा.

ती आली की कळव. नुसतं ‘आली’ एवढं लिहिलंस तरी चालेल.

तुझी,
आत्या