कोंडा शेळीला, पांढरं पीठ आपल्याला?



परवा वस्तीत एका गरोदर सूनबाईकडे गेले. हिमोग्लोबिन 8, हवं किमान 11. ती बारीक चाळणीने पीठ चाळत होती, कोंडा शेजारच्या शेळीसाठी बाजूला. "चपाती पांढरी होते, ताई." होते खरी, पण लोह शेळीच्या पोटात जातं. शेळी मात्र चांगली धष्टपुष्ट होती!

गव्हाच्या दाण्यात बाहेर कोंडा, आत पांढरा गर आणि टोकाला अंकुर असतो. लोह, जस्त, ब जीवनसत्त्वं आणि चोथा जास्त करून कोंड्यात व अंकुरात. मैद्यात हे दोन्ही काढून टाकलेले असतात. म्हणून 100 ग्रॅम न चाळलेल्या पिठात सुमारे 4 मिलिग्रॅम लोह आणि 11 ग्रॅम चोथा मिळतो. मैद्यात लोह 2 मिलिग्रॅमच्या आत, चोथा 3 ग्रॅमच्या आत. पोरांना रोज सकाळी चहा-खारी देताना हे आठवा.

रेशनच्या गव्हात खडे-माती निघते, हे मला ठाऊक आहे. मग सफाई गिरणीआधी करा. गहू निवडा, पाखडा, धुऊन कडक उन्हात वाळवा. नंतर पीठ चाळायची गरज उरत नाही.

एक अडचण आहे. कोंड्यातलाच एक घटक थोडं लोह अडवून धरतो. जेवणावर लगेच चहा घेतला तर आणखीच कमी अंगी लागतं. त्यासाठी वरणावर लिंबू पिळा, चहा तासाभराने घ्या. आणि त्या सूनबाईला सांगितलं तेच तुम्हालाही: रक्त कमी असेल तर नुसत्या चपातीने भरून येत नाही, दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या बंद करू नका.