बोट बाळापूरची, पाणी अलिबागचं

प्रश्न : गाडीमागे ट्रेलर लावून सोळा फुटी बोट अलिबागला नेता येईल का?
– एक वाचक, बाळापूर

उत्तर : नेता येईल, पण आधी गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याची मर्यादा पाहा. इंजिन, पेट्रोल, ट्रेलर धरून 800 किलो भरत असतील, तर 60 ते 80 किलो भार हुकवर यावा. कमी पडला की ट्रेलर शेपटीसारखा हलतो. धुळे-नाशिकपर्यंत फारसं काही नाही. खरी परीक्षा कसारा घाटाची : खालचा गिअर, आणि ट्रेलरला स्वतःचा ब्रेक हवाच. किनाऱ्यावर पोचल्यावर चाकांच्या हबला हात लावून बघा. तापलेला हब खाऱ्या पाण्यात बुडाला की पाणी आत ओढतो आणि बेअरिंग कामातून जातं. तासभर थांबा, चहा घ्या. बोट भरती चढताना उतरवा. ओहोटीत ट्रेलर चिखलात रुततो. नंतर बोट, ट्रेलर, इंजिन गोड्या पाण्याने धुवा. पावसाळ्यात मात्र हा बेतच नको.