दोन्ही हातांचा बीपी मोजून घ्या

लेकीची वेणी घालताना माझा डावा हात भरून यायचा, मधेच खाली सोडावा लागायचा. अधूनमधून कसकस, वजन उतरलेलं. तिशीतल्या बाईने असं काही सांगितलं की उत्तर ठरलेलं असतं: रक्त कमी आहे, मान धरली आहे. मला लोहाच्या गोळ्या आणि मानेचा पट्टा मिळाला. डाव्या हाताला बीपीचं मशीन नुसतं 'एरर' दाखवायचं. ते बिघडलंय असं म्हणून विषय संपायचा.

पुढे एका फिजिशियनांनी दोन्ही मनगटं एकदम धरली. डावी नाडी लागेना. उजव्या हाताचा बीपी १६०, डाव्याचा जेमतेम १००. मानेच्या डॉप्लरमध्ये धमनीची भिंत चहूबाजूंनी सारखी जाडावलेली दिसली. सीटी अँजिओग्राफीत डाव्या हाताकडे जाणारी धमनी सुतासारखी बारीक झालेली होती. निदान झालं: ताकायासू आर्टरायटिस.

मिकितो ताकायासू हे जपानी नेत्रतज्ज्ञ. त्यांनी १९०८ मध्ये एका तरुणीच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांतले बदल मांडले, म्हणून हे नाव. यात महाधमनी आणि तिच्या शाखांच्या भिंतींना सूज येते आणि आतली वाट अरुंद होते. आजार दुर्मीळ, पण आशियात तुलनेने जास्त, आणि बहुतेक रुग्ण चाळिशीच्या आतल्या बायका.

अनुभवातून सांगते. दोन हातांच्या बीपीत वारंवार १० पेक्षा जास्त फरक आला, तर डॉक्टरांना रक्तवाहिन्या तपासायच्या का ते विचारा. सूज मोजणाऱ्या ईएसआर, सीआरपी या रक्ततपासण्या नॉर्मल आल्या तरी भिंतीत सूज असू शकते. नळी घालून केलेल्या अँजिओग्राफीत धमनीची पोकळी दिसते, भिंत नाही. भिंत पाहायला डॉप्लर, सीटी किंवा एमआर लागतं. सीटीआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासलेलं असावं; गरोदरपण, अ‍ॅलर्जी लपवू नका. तपासण्या पुढेही होत राहतात, म्हणून किरणोत्सर्ग नसलेल्या एमआर किंवा डॉप्लरवर भागेल का, हे विचारा. रिपोर्टबरोबर सीडीही जपा. मागच्या चित्राशी ताडून पाहिल्याशिवाय आजार वाढला की थांबला ते कळत नाही. आणि उपचारासाठी दिलेलं स्टेरॉइड बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका.

बंद पडत आलेल्या धमनीच्या हाताचा बीपी फसवा, कमी येतो. म्हणून कोणत्या हाताचा आकडा धरायचा ते डॉक्टरांना विचारा आणि फाईलच्या पहिल्याच पानावर ठळक लिहून ठेवा.