चार घरं जोडून घे

भोर

चि. सोनी,

बंड्याचा बायोप्सीचा रिपोर्ट सिलिॲकचा, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन आतड्याला न सोसण्याच्या आजाराचाच आला, हे सांगून झाल्यावर तू फोनवर विचारलंस, "आत्या, आपल्याकडं असं आणखी कुणाचं पोर आहे का गं?" तेव्हा तुझा आवाज भरून आला होता, म्हणून मी जास्त बोलले नाही. आता सविस्तर लिहिते.

आहेत. असणारच. जगात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो. आपल्या देशातल्या मोठ्या माणसांची रक्त तपासणी करून केलेली एक पाहणी २०१६ साली छापून आली. त्यात उत्तरेकडं १.२३ टक्के लोकांच्या रक्तात या आजाराच्या अँटिबॉडी निघाल्या, दक्षिणेत ०.१० टक्के लोकांच्या. जिथं गहू रोजचा, तिथं आजार जास्त दिसला. आपल्या भोर-वेल्ह्यात भात आणि नाचणी खाणारी माणसं, त्यामुळं रुग्ण थोडे आणि डोंगरवस्त्यांवर विखुरलेले. शिवाय बरेचसे न ओळखलेले. "पोराच्या अंगाला लागत नाही", "जंत असतील", "गोळ्या खाऊनही रक्त वाढत नाही", हे दवाखान्यात नोकरीभर ऐकलं आहे मी. यातली सगळी सिलिॲकची नसतात, पण काही असतात. म्हणून इथं अशा घरांचं तयार मंडळ सापडेल याची वाट बघत बसू नकोस. चार घरं तुलाच जोडावी लागतील.

सुरुवात घरातूनच कर. आई-वडील आणि सख्खी भावंडं यांच्यात दहापैकी एकाला हा आजार निघू शकतो, कुठलाच त्रास दिसत नसतानाही. तेव्हा धाकटीची, तुझी आणि जावईबापूंची टीटीजीची रक्त तपासणी करून घ्या. तोवर तुम्हा तिघांचा गहू बंद करू नकोस. आधीच गहू सोडला तर तपासणीत आजार लपतो, हे पुष्कळांना माहीत नसतं.

मग पुण्याच्या ज्या डॉक्टरांनी निदान केलं त्यांच्याकडं आणि त्यांच्या आहारतज्ज्ञ बाईंकडं जा. दुसऱ्या रुग्णांची नावं मागू नकोस, ती त्यांना देता येत नाहीत. तुझा नंबर लिहून ठेव आणि सांग, "आमच्या भागातलं कुणी आलं तर हा त्यांना द्या." हेच भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात कर, वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयात कर. तुमच्या आशाताईंनाही सांगून ठेव. घरोघर जाणारी बाई दुसरी कोण आहे? दिल्लीत 'सिलिॲक सोसायटी ऑफ इंडिया' आहे, आहारतज्ज्ञ इशी खोसला यांनी काढलेली. माहितीसाठी त्यांच्याशी संबंध ठेव. पण गिरणीचा प्रश्न दिल्लीहून सुटणार नाही, तो इथंच सोडवायचा आहे.

आणि खरा प्रश्न गिरणीचाच आहे. बंड्याला गहू वर्ज्य, तसाच जवही. गहू टाळणं आपल्या घराला जड नाही. तुझ्या आजेसासूबाईंच्या काळी पोळी सणालाच व्हायची, एरवी नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, वरी, भात. पण ती नाचणी दळायला तू गिरणीत नेतेस, आणि तिच्या आधी गव्हाचं दळण झालेलं असतं. "ज्वारीवर ज्वारी टाका" असं आपण गिरणीवाल्याला सांगतो ते चवीपुरतं. बंड्याला तेवढं पुरणार नाही. ग्लुटेनमुक्त म्हणून विकायच्या पदार्थात किलोमागं २० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन असता कामा नये, असा नियम आहे. गिरणीच्या फटीत राहिलेलं गव्हाचं पीठ त्याच्या कितीतरी पुढं जातं. एका घराला वेगळी घरघंटी घेणं महाग पडतं, पण चार घरांनी मिळून घेतली आणि तिच्यात गव्हाचा दाणा टाकायचा नाही असं ठरवलं, तर पडत नाही. तोवर माळ्यावरचं जातं काढ, स्वच्छ धू, आणि त्यावर फक्त त्याचंच दळ.

अशा मंडळात खरं कामाचं बोलणं हेच असतं. डबीतल्या हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं, हे कुणीतरी सांगावं लागतं. मेतकुटात गहू असतो, थालीपिठाच्या भाजणीत असतो, सातूच्या पिठात असतो, कुरडई तर गव्हाच्या चिकाचीच. "खपली गहू चालतो" असं तुला कुणीतरी प्रेमानं सांगेल. चालत नाही, तोही गहूच. भोरच्या बाजारात कोणता दुकानदार सुटं बेसन गव्हाच्या पिठाच्या मापानं मोजत नाही, हे ज्या बाईनं चार दुकानं फिरून शोधलं असेल तीच तुला सांगू शकेल. डॉक्टरांना ते ठाऊक असायचं कारण नाही.

मंडळ कसं चालवावं याचा नमुना म्हणून पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. कंपवाताचे रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांनी चालवलेलं. सभा भरतात, नव्या रुग्णाच्या घरी जुनी माणसं भेटायला जातात. ती घरभेट मला सगळ्यात मोलाची वाटते. बसायची शिस्त तर तुमच्या बचत गटातल्या बायकांना आहेच. महिन्याचा ठरलेला वार, वही, हजेरी. तसंच हे चालव. मात्र नुसत्या आया जमवू नकोस. बाप आणि आज्यासुद्धा यायला हव्यात, कारण "एका घासानं काय होतंय" म्हणत पुरणपोळीचा तुकडा भरवणारं माणूस घरातलंच असतं.

तुझ्या सासूबाई म्हणतात ना, पोळीशिवाय पोराला ताकद कुठून येणार? त्यांना हॉलंडची हकीकत सांग. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळं तिथं पाव मिळेनासा झाला, माणसं उपासमारीनं गेली. त्याच काळात रुग्णालयातली सिलिॲकची मुलं मात्र सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा खंगली. विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांना गव्हाचा संशय आधीपासूनच होता. १९५० साली त्यांनी आपल्या प्रबंधात तो सप्रमाण मांडला. गहू पूर्ण थांबला की आतड्याचं झिजलेलं अस्तर पुन्हा भरून येतं. बंड्याचंही येईल.

एक गोष्ट मात्र कडक ठेव. "मुळापासून बरा करतो" म्हणून पावडर विकणारा माणूस तुमच्या बैठकीत बसता कामा नये. या आजाराला आजतरी जन्मभराचं पथ्य हाच उपाय आहे. लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि टीटीजी यांच्या तपासण्या डॉक्टर सांगतील तेव्हा व्हायलाच हव्यात. मंडळ डॉक्टरची जागा घेत नाही.

बंड्याच्या शाळेत खिचडी तांदळाची असते, तेवढं बरं आहे. तरी हिंग-मसाल्याचं गुरुजींना लिहून दे. सप्ताहाच्या पंगतीत त्याला घरी ठेवू नकोस. सगळ्यांबरोबर बसव, त्याचा डबा त्याच्या ताटात वाढ. सात वर्षांच्या पोराला आईनं हजारदा समजावलेलं पटत नाही, पण शेजारी तसाच डबा उघडून बसलेला दुसरा मुलगा दिसला की पटतं. त्या दुसऱ्या मुलासाठी तरी तुला हे मंडळ जमवायचं आहे.

पहिली बैठक माझ्या ओसरीवर घे. एस. टी. स्टँडपासून जवळ आहे, वेल्ह्याकडच्यांनाही सोयीचं पडेल. दोनच घरं आली तरी घे. तांदळाच्या भाकऱ्या मी नव्या तव्यावर करीन. त्याआधी, या आठवड्यातच, धाकटीचं रक्त तपासून घे आणि मला कळव.

तुझी,
आत्या